काकवीची पिपं आणि मशीनगन

येशा,

तुझा तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी मी तो सिनेमा बघितला. पहिल्यापासून शेवटापर्यंत, तुझ्याच घरात, तुझ्या त्या वेताच्या खुर्चीत बसून. तुझ्यामागं घर सांभाळणाऱ्या इंदूवहिनी शेजारी होत्या. तुझ्या नातीनं, सायलीनं, इंटरनेटवर शोधून तो टीव्हीवर लावून दिला आणि कॉलेजला जाता जाता मला म्हणाली, "मास्तरआजोबा, खाली इंग्लिशमध्ये लिहून येतं सगळं. वाचता येईल ना?" तेहतीस वर्षं हायस्कूलात इंग्रजी शिकवलेल्या माणसाला पोरगी हे विचारते. तुझंच रक्त ते, दुसरं काय बोलणार.

वाचता येतं रं. तेवढंच येतं.

तेराव्याच्या मांडवात चारजण तुझ्यावर बोलले. सरपंच बोलले, तुझ्या पलटणीतला एक म्हातारा सुभेदार थेट मेढ्याहून आला होता तो बोलला. तुझी शिस्त, तुझी देशसेवा, बर्फातल्या घाटात ट्रक चालवणारा तुझा हात, सगळं झालं. मी गप्प बसलो. मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, आणि तेव्हा मला त्यातलं निम्मंच माहीत होतं. आता सगळं कळलंय. म्हणून लिहितोय, आणि रडत लिहीत नाही हे आधीच सांगून ठेवतो. तू जिंकलास गड्या. असा जिंकलास की हरलेल्यानंच फेटा उडवावा.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा मला माझ्या तोंडानं सांगू दे. आजवर ही गोष्ट गावात तूच सांगितलीस, आणि सांगताना दरवेळी मला सांभाळून सांगितलीस.

पस्तीसेक वर्षं झाली. चैत्रातली आपली जत्रा. तू सुट्टीवर आला होतास. कराडहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणलेला, कसलासा देवादिकांचा सिनेमा दाखवायचा बेत, देवळाच्या सभामंडपात, भर दुपारी. मंडपात उजेड लय. म्हसवडकडच्या धनगराची मेंढरं तेव्हा आमच्या रानात खतासाठी बसली होती. तू त्याच्याकडनं डझनभर घोंगडी मागून आणलीस आणि मंडपाच्या सगळ्या कमानींना टांगलीस. अंधार झाला खरा. पण बाहेर चैत्राचं ऊन आणि आत ओल्या मेंढरांचा वास, दोनशे माणसं घामानं निथळत बसलेली. तरी एक उठेल तर शपथ.

आणि दहा मिनिटांत त्या मशीननं कॅसेट खाल्ली. देव समुद्रातून वर येतोय, आला आला म्हणेपर्यंत पडद्यावर मुंग्या. तू टेप ओढून बाहेर काढलीस ती सुताच्या गुंड्यागत निघाली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. तेव्हा तू घरी पळालास आणि तुझ्या ट्रंकेतली कॅसेट घेऊन आलास. छावणीतल्या कुणा दोस्तानं दिलेली. वेष्टनावर हॅट घातलेला माणूस, हातात मशीनगन. जुना नावाजलेला गुंडांचा सिनेमा, आणि अख्खा इंग्रजीत. कुणीतरी मागून म्हणालं, मास्तर हायती की, मास्तर सांगतील. झालं. देवळाचा माईक माझ्या हातात आला.

येशा, त्या क्षणाला माझी काय अवस्था झाली ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. पडद्यावर एक जाडा माणूस तोंडात चिरूट धरून बोलत होता. मी कान टवकारले. व्याकरण मला तोंडपाठ, पोरांकडनं वाक्यं फिरवून घ्यायचो, कर्तरीचं कर्मणी आणि कर्मणीचं कर्तरी, पण इंग्रज माणूस तोंडानं बोलताना मी जन्मात ऐकला नव्हता. त्या जाड्याचा एक शब्द मला कळला नाही. एकसुद्धा नाही. मी माईकमध्ये म्हणालो, "हा गृहस्थ... असं म्हणतो की..." आणि थांबलो. दोनशे माणसं बघत होती. माझी निम्मी शाळा तिथं बसलेली. उजवीकडच्या खांबाला टेकून दादा बसला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तीन वर्षं आमची तोंडं बंद होती. सामायिक विहीर, एकच मोटर, चार दिवस त्याची पाळी आणि चार दिवस माझी. असल्याच एका उन्हाळ्यात माझा ऊस करपायला लागला. एका पहाटे दादा विहिरीवर आला तर मोटर चालू आणि पाणी माझ्या सरीत. तो म्हणाला पाळी माझी, मी म्हणालो माझी. शब्दानं शब्द वाढला, गळपट्टी धरली, चुली वेगळ्या झाल्या. मग आईची वाटणी. एक महिना त्याच्याकडं, एक महिना माझ्याकडं. अमावास्या झाली की ती आपलं गठुळं काखेत मारायची आणि एकटीच या घरातनं त्या घरात चालत जायची. शंभर पावलांचं अंतर. आम्ही दोघं आपापल्या दारात उभं राहून दुसरीकडं बघायचो. त्या दुपारी आई मंडपात पुढं, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती. मी डावीकडं, दादा उजवीकडं, आणि माझ्या हातात मुका माईक.

तू आलास आणि माझ्या हातातून माईक काढून घेतलास. मोठ्यानं म्हणालास, "मास्तरांचा घसा बसलाय. सकाळधरनं बोलवत न्हाई त्यास्नी. मी सांगतो."

तुझ्या इंग्रजीची ऐपत मला माहीत होती. 'येस सर', 'नो सर', 'इंजिन', 'गिअर' आणि दोन शिव्या. आणि तू सुरू झालास. काय सुरू झालास.

त्या सिनेमात दारूबंदीच्या काळातलं परमुलखातलं शहर आहे, हे मला तुझ्या चौदाव्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. दोन भाऊ चोरटी दारू विकतात. पण तू देवळात, देवासमोर, बायाबापड्यांसमोर दारू कशी म्हणणार? म्हणून तू म्हणालास, "ही दोघं भाऊ काकवीचा धंदा करत्यात." पिपंच्या पिपं काकवी. पोलीस कुऱ्हाडी घेऊन गोदामात घुसले आणि पिपं फोडली, काळं काळं गटारातनं वाहायला लागलं, तेव्हा बायका हळहळल्या. अगं बाई, एवढी काकवी वाया घालवली. पुढं कित्येक वर्षं म्हाताऱ्या मला रस्त्यात अडवून विचारायच्या, मास्तर, तिकडं उसाची एवढी टंचाई हाय व्हय, काकवीपायी बंदुका चालत्यात? मी काय सांगणार? हो म्हणायचो.

नायिका आणि नायक जवळ आले की तू टीव्हीसमोर टॉवेल पसरून उभा राहायचास आणि माईकमध्ये सांगायचास, "ती त्याला औषध देतीया, बगू नका." तरणी पोरं ओरडायची आणि तू त्यांना पलटणीतल्या आवाजात गप्प करायचास. माईकची तार वरच्या भोंग्याला जोडलेली, त्यामुळं ज्या बायका आल्या नव्हत्या त्यांनाही घरबसल्या सिनेमा ऐकायला मिळत होता. माझी बायको चुलीपुढं बसून ऐकत होती.

त्यात एक काळ्या झग्यातली म्हातारी होती. तिला तू आई केलीस. दोन्ही भावांची आई. ती कधी थोरल्याच्या घरात दिसायची, कधी धाकट्याच्या. ताटं मांडायची, दिवे मालवायची, एका कोपऱ्यात उभी राहायची. तू म्हणालास, "ही बगा. दोघांची आई एक, पर आईला घर न्हाई." मी मान खाली घातली. दादाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

मग तो जेवणाचा प्रसंग. थोरला एकटाच धाकट्याच्या घरी येतो. समोरासमोर बसतात. म्हातारी ताटं मांडून मागं उभी. बराच वेळ नुसतं बोलणं. आणि तू तोवर वरच्या पट्टीत ओरडून सांगत होतास तो एकदम खाली आलास. तुझं ते वाक्य मला अजून पाठ आहे. थोरला म्हणतो, "धाकल्या, आईला आता चालवत न्हाई. तिचं गठुळं तीच उचलती, आन आपुन दोघं बघत उभं ऱ्हातो. पाणी कुणाचं, पाळी कुणाची, जळू दे सगळं. तू माझ्याकडं जेवाय ये, न्हाईतर मी तुझ्याकडं येतो." थोरल्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि लाईट गेली.

टीव्ही बंद, भोंगा बंद. घोंगड्यांच्या अंधारात दोनशे माणसं तशीच बसून होती. मग कुणीतरी एक घोंगडं बाजूला केलं, उजेड आला. आई उठून खांबाला धरून उभी होती. दादाची जागा रिकामी होती.

तिन्हीसांजेला दादा माझ्या अंगणात आला. चप्पल काढली आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, जेवाय वाढा म्हणाव. माझ्या बायकोनं भोंग्यावरनं सगळं ऐकलं होतं. तिनं पीठ जास्तीचं मळून ठेवलं होतं. आम्ही जेवलो. पाळी कुणाची होती हे त्या दिवशी निघालं नाही आणि पुढंही कधी निघालं नाही. पण आईनं गठुळं बांधणं त्या अमावास्येपासून बंद केलं. ती अकरा वर्षं जगली आणि मनाला येईल तेव्हा, मनाला येईल त्या घरात जेवली.

आणि मी काय केलं? मी चैत्राच्या उन्हात तीन दिवस गळ्याला मफलर गुंडाळून फिरलो. घसा बसला होता ना माझा. तुझे आभार मानायचे राहिलेच, वर महिन्याभरात मी चारचौघांत म्हणायला लागलो, येश्यानं सिनेमाचं पार वाटोळं केलं, काकवी काय, औषध काय, मला बोलता येत असतं तर खरी गोष्ट सांगितली असती. तू हसायचास. म्हणायचास, मग सांगायची हुतीस की.

हेच आपलं भांडण पस्तीस वर्षं चाललं. तू पेन्शनवर आलास, मी रिटायर झालो, पारावर बसून रोज एकदा तरी व्हायचंच. मी म्हणायचो, एकदा पुरा बघतो आणि तुझ्या थापा मोजून दाखवतो. तू म्हणायचास, मी मेल्यावर बघ. तुला वाटायचं मी वटवट करतोय. येशा, आता सांगतो. मी तो बघत नव्हतो कारण मला भीती होती. बाकी सगळं तू रचलंस हे मला कळत होतं, मी इतका बिनडोक नाही. पण ते जेवणाच्या वेळचं वाक्य, ते तेवढं सिनेमातलंच आहे असं मी धरून चाललो होतो. 'पाणी' आणि 'पाळी' तुझं, पण आतला गाभा खरा, असं. कुठल्यातरी परमुलखातल्या थोरल्या भावानं धाकट्याला खरोखर जेवायला बोलावलं, आणि त्यावरून माझ्या भावाला सुचलं. माझ्या घराचा सगळा डोलारा त्या वाक्यावर उभा. ते नसलंच तर?

साताऱ्याच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो ते हे सगळं ओकायलाच आलो होतो. वहिनी चहा आणायला गेल्या. नाकात नळी घालून तू पडला होतास आणि नर्सला मिलिटरी हॉस्पिटल कसं असतं ते शिकवत होतास. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, येशा, त्या दिवशी माझा घसा... तू मला पुढं बोलूच दिलं नाहीस.

"बसलाच हुता रं," तू म्हणालास. "मी सोता ऐकला की. पार बसला हुता."

आणि डोळे मिटून घेतलेस. मग वहिनी आल्या आणि आपण चहात साखर नाही यावरून भांडलो. मरायला टेकलेला माणूस, आणि तरी माझी लाज झाकत होतास. माझ्यासारख्या अकडू माणसाला असा दोस्त का मिळाला, ह्याचं उत्तर मला ठाऊक नाही.

तर चौदाव्या दिवशी बघितला. सुरुवातीला लय मजा आली. खाली अक्षरं येत होती आणि मी भराभर वाचत होतो, वहिनींना सांगत होतो. चिरूटवाला जाड्या आला. पस्तीस वर्षं ज्यानं माझी झोप घालवली तो जाड्या काय म्हणत होता माहितीय? 'खिडकी लाव, वारा येतोय.' एवढंच. मी एवढा हसलो की वहिनी घाबरल्या.

मग तू केलेली आई आली, ती काळ्या झग्यातली म्हातारी. ती आई नाही रं. ती स्वयंपाकीण आहे. दोन्ही घरी कामाला आहे. अख्ख्या सिनेमात तिला दोन वाक्यं आहेत, त्यातलं एक 'सूप गार होतंय'.

मग तो जेवणाचा प्रसंग आला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. थोरला म्हणतो, उद्या दुपारपर्यंत शहर सोड. धाकटा हसतो, चिरुटाचा धूर त्याच्या तोंडावर सोडतो, म्हणतो, तुझी माणसं आता माझ्या पगारावर आहेत. थोरला रुमालाची घडी घालतो, उठतो आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तो हात म्हणजे खूण आहे, येशा. समोरच्या छपरावर माणूस बसलेला असतो त्याला. थोरला दाराबाहेर पडतो आणि खिडकीतून गोळ्या आत येतात. धाकटा ताटावर पालथा. मग आणखी वीस मिनिटं सिनेमा आहे. थोरला त्या भल्या मोठ्या घरात एकटा म्हातारा होतो आणि एकटाच मरतो.

त्या गोळ्या सुटल्या तेव्हाच मी बंद कर, बंद कर म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे, रिमोट माझ्याच हातात होता. जिथं लाईट गेली तिथंच, नेमक्या त्याच सेकंदाला, तो हात. इतकी शहाणी लाईट आपल्या गावात कधीच नव्हती. मी वहिनींकडं बघितलं तर त्या पदराच्या आड हसत होत्या.

त्यांनी सांगितलं. तू तो सिनेमा छावणीत चारदा बघितला होतास. तुलाही इंग्रजी कळलं नव्हतं, एका केरळी सोबत्यानं मोडक्या हिंदीत तुला सांगितला होता. शेवट काय आहे हे तुला पक्कं माहीत होतं. माईक हातात घेतलास तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं, पण मध्येच तुझी नजर माझ्याकडं गेली, मग दादाकडं, मग पुढ्यात बसलेल्या माझ्या आईकडं. तिथून पुढं तू सिनेमा सोडलास आणि आमची गोष्ट सांगायला लागलास. वहिनी भिंतीलगत बसल्या होत्या, विजेच्या बोर्डाजवळ. तू त्यांना डोळ्यानं खुणावलंस आणि त्यांनी पिन उपसली. आल्यागेल्याला चहाबरोबर सगळं गाव सांगणाऱ्या ह्या बाईनं ती गोष्ट पस्तीस वर्षं पोटात ठेवली.

मी तुझ्या फोटोपुढं उभा राहिलो आणि तुला शिव्या दिल्या. मनापासून दिल्या. मग हार नीट केला. सिनेमा बनवणाऱ्यानं एवढा पैसा ओतला, एवढी माणसं राबवली, आणि शेवटी भावानं भाऊ मारला. तू फुकटच्या माईकवर तासाभरात त्याच चित्रांतून दोन भाऊ एका घरात आणून बसवलेस. बघणाऱ्यानं सांगावं कुणाचा सिनेमा मोठा.

पण खरी परीक्षा पुढंच होती. दादाच्या कानावर गेलं, मास्तरनं तो सिनेमा काढलाय म्हणून. एक्क्याऐंशी पुरी झाली त्याला, ऐकायला कमी येतं, डोळे शाबूत. निरोप आला, मलाबी दाव. मी दुसऱ्या दिवशी दुपारी सायलीला घेऊन गेलो. तिनं टीव्हीला जोडून दिला. दादा बाजेवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तवा लाईट गेली आन ऱ्हायलंच. धाकल्यानं काय उत्तर दिलं, ते मला अजून ठावं न्हाई."

येशा, आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. खालची अक्षरं दादाला वाचता येत नाहीत. खरं सांगायचं तर धाकटा हसला आणि मेला. आणि खोटं सांगायचं तर तुझ्यासारखी जीभ कुठनं आणू? सायलीला मी सांगितलं, आवाज बंद कर. आणि मी मोठ्यानं सांगायला लागलो. काकवीपासून. पिपं फोडली, गटारातनं वाहिली. माझं मलाच नवल वाटत होतं. आई आली, कोपऱ्यात उभी राहिली. थोरला आला, जेवायला बसला, तुझं वाक्य मी एकही शब्द न गाळता म्हटलं. खांद्यावर हात आला आणि मी रिमोट दाबला. चित्र तिथंच थांबलं.

दादा म्हणाला, "मग? धाकला काय म्हणतो?"

मी टीव्हीकडं बघतच म्हणालो, "धाकला म्हणतो, दादा, पाळी तुझी हुती. मला ठावं हुतं. माझा ऊस वाळत हुता म्हणून मी मोटर सुरू केली आन वर तुझ्याच तोंडाला तोंड दिलं. गळपट्टी मी आधी धरली. आईला मी चालवलं. माझं चुकलं."

आमच्या शेताभातात, घरादारात, पोरांच्या लग्नात, आईच्या मयतीला, पस्तीस वर्षांत कुठंही मला हे बोलायला जमलं नव्हतं. त्या परदेशी गुंडाच्या तोंडून जमलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू. सायली माझ्याकडं बघत होती आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दादानं बाजेवरनं खाली पाय सोडले.

"पाळी माझी हुती, ते मला तवाबी ठावं हुतं," तो म्हणाला. "आन लाईटबी गेली न्हवती. समोर लाईटीवरची गिरणी चालू हुती की. मी मंडपातनं भाहेर आलो तर बायका दळण घेऊन उभ्या. मनात म्हटलं, येश्या लय बेनं हाय. मला यायचंच हुतं रं तुझ्याकडं. तीन वर्षं यायचं हुतं. आपल्या आपुन कसं येणार? कुणीतरी ये म्हणाय पायजे हुतं."

एवढं बोलून तो शेळीला पाला टाकायला गेला.

म्हणजे बघ. दादाला ठाऊक होतं. इंदूवहिनींना ठाऊक होतं. मग मी माझ्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, भोंगा बंद पडला पण घरातला पंखा फिरत होता, मला काय कळत नाही व्हय? आईलाही कळलं असणार, मंडपातनं बाहेर पडली की समोर गिरणीच. गावात एकही माणूस तुला फसला नव्हता, येशा. सगळ्यांनी मिळून ती लाईट गेलेली मानली. फसला होता तो एकटा इंग्रजीचा मास्तर. आणि त्या फसण्याचा मला आज एवढा अभिमान वाटतोय की पुढच्या जत्रेला सभामंडपात माईक घेऊन मी स्वतः हे सगळ्यांना सांगणार आहे.